सुश्रुतच्या घराची कळ

चुलतभावाचा, सुश्रुतचा फोन ठेवला आणि उदयच्या पोटात कळ उठली.

"सुश्रुतनं ब्रिस्टलला घर घेतलं," तो बायकोला म्हणाला. "डिटॅच्ड, चारही बाजूंनी मोकळं. चार बेडरूम. मागे गार्डन, त्यात सफरचंदाची दोन झाडं."

"अय्या, किती छान!" ऋजुता म्हणाली. "पण तू असा वाकलायस का?"

"काही नाही. छानच झालं."

साल २००६. सुश्रुत सहा वर्षांनी लहान, उदयच्याच ओळखीनं इंग्लंडला आलेला. उदय मात्र अजून स्लाऊमध्ये, केबाबच्या दुकानावरच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये. अडीच आठवडे कळ येत-जात राहिली. सुश्रुतचा फोन आला की हमखास.

ऑफिसात शेजारी बसणाऱ्या कोरियन ह्युननं त्याला पोट धरलेलं पाहिलं आणि सहज विचारलं, "नात्यात कुणी जमीनजुमला घेतला का?"

उदय थिजलाच. "तुला कसं कळलं?"

"आमच्याकडे हे दुखणं पोराटोरांनाही ठाऊक असतं. माझी आजी सांगायची, लपवलं तर वाढतं. तिकडे जा, चार कामं कर आणि मनातलं बोलून टाक."

वास्तुशांतीला उदय ऋजुताला घेऊन आदल्या दिवशीच पोचला. त्यानं कपाटं जिन्यावरून वर चढवली, गवत कापलं, येईल त्याला सफरचंदाची झाडं दाखवली. कळ थांबेना. उलट दुसऱ्या दिवशी ती पोटाच्या उजव्या बाजूला सरकली आणि तिथंच ठाण मांडून बसली. आपण इतके जळतोय? उदयला स्वतःचीच किळस आली.

आरती सुरू झाली तेव्हा तो घामानं निथळत होता.

"थांबा!" तो ओरडला. गुरुजींची घंटा थांबली. "सुश्रुत, मी जळतो रे तुझ्यावर! तुझं घर, तुझी झाडं, अगदी खालचं ते एक्स्ट्रा टॉयलेटसुद्धा बघवत नाही मला!"

चाळीस पाहुणे जागच्या जागी गोठले. काकूंच्या हातातलं तबक खणकन पडलं. पाठोपाठ उदयही.

"दादा!" सुश्रुतनं सोवळ्यातच, उघड्या अंगानं गाडी काढली आणि त्याला थेट हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत नेलं.

अपेंडिक्स निघालं. फुटायच्या बेतात होतं.

ऑपरेशननंतर उदयनं डोळे उघडले, तेव्हा सुश्रुत सोवळ्यावर हॉस्पिटलचं ब्लँकेट पांघरून बसला होता. सगळं कळल्यावर उदयचा चेहरा उजळला.

"म्हणजे अपेंडिक्स होतं! बघ, मी उगाच काहीतरी बरळलो. जळणं वगैरे काही नव्हतंच."

"हो रे दादा. दुखण्यात माणूस काहीही बोलतो."

तेवढ्यात डॉक्टरीणबाई कागद चाळत आल्या. "एक कळत नाही. मिसेस म्हणतात, पोट अडीच आठवडे दुखतंय. हे अपेंडिक्स तर फार तर दोन दिवसांचं. त्याआधी काय दुखत होतं?"

उदय छताकडे पाहू लागला. ऋजुता खिडकीबाहेर.

"डॉक्टर," सुश्रुत ब्लँकेट सावरत म्हणाला, "तो आमचा फॅमिली मॅटर आहे."