शालीखालचा नऊ

मला सांगा, माणसानं विश्वास ठेवावा तरी कुणावर? बैल विकणाऱ्यावर ठेवला तर बैल घरी येऊन बसतो तो उठायचं नाव घेत नाही. मेहुण्यावर ठेवला तर मोटारसायकल परत येते, पेट्रोल येत नाही. म्हणून मी जन्मभर विश्वास ठेवला तो फक्त आकड्यावर. "आकडा कधी खोटं बोलत नाही," असं मी गिऱ्हाइकांना सांगत आलो. हल्ली गिऱ्हाइकंच ते मला सांगतात, आणि वर हसतात.

घोडेगावात माझं दुकान आहे. दावी, कासरे, म्होरक्या, घुंगरमाळा. थोडक्यात बैलाच्या अंगावर जे जे चढतं ते सगळं. जनावरांच्या बाजाराच्या दिवशी मला पाणी प्यायला फुरसत नसते, आणि बाकीच्या दिवशी पाणी पिण्याशिवाय काम नसतं. अशाच एका रिकाम्या सकाळी मी मुलीला म्हटलं, "दिशा, मोबाईलवर काहीतरी डोक्याचं लावून दे."

तिनं आकड्यांच्या कोड्यांची एक वेबसाईट लावून दिली. आडव्या-उभ्या चौकटी, त्यात एक ते नऊ आकडे भरायचे, एका ओळीत तोच आकडा दोनदा यायचा नाही. कोडं सुटलं की गुण. गुणांची वर्षभर बेरीज. मधूनमधून पदकं. शाळा मी सातवीत सोडली (शाळेचं म्हणणं जरा वेगळं आहे), त्यामुळे पदक म्हणजे काय ते पहिल्यांदाच बघत होतो. 'श्रीगणेशा' नावाचं पदक मिळालं त्या दिवशी मी दुकानात पेढे वाटले. ते नुसतं नाव नोंदवल्याचं होतं, हे दिशानं पेढे संपल्यावर सांगितलं.

माझा शिरस्ता असा. दुपारी जेवायला घरी यायचं, जेवण झालं की एखादं कोडं उघडायचं, ते अर्ध्यावर अडलं की मोबाईल उशाशी ठेवून घोरायचं. मोबाईलला पासवर्ड नाही. अहो, शनिशिंगणापूर इथून हाकेवर. तिथं घरांना दारं नसतात आणि मी मोबाईलला कुलूप लावू?

आता गंमत बघा. काही दिवसांनी माझ्या लक्षात आलं की झोपेतून उठलो की गुण वाढलेले असतात. मी विचार केला. चांगला विचार केला. आणि माझ्या व्यापारी डोक्यानं नेमकं ताडलं: हे व्याज आहे!

ही बातमी मी लगेच शेजारच्या सहादेवला दिली. त्याचं खताचं दुकान, आणि ह्याच वेबसाईटवर तोही माझ्याशी चुरशीनं खेळत होता.

"व्याज? गुणांवर?"

"मग! गुण नुसते पडून राहू द्यायचे आणि दुपारी झोपायचं. उठलं की वाढलेले."

"मग माझे का वाढत न्हाईत?"

"तू दुपारी झोपतोस का?"

"न्हाई."

"मग?"

सहादेवनं दुसऱ्या दिवसापासून दुपारी दुकानाचं शटर खाली घेतलं. त्याचे गुण काही वाढले नाहीत, वजन मात्र वाढलं.

मध्यंतरी आमच्या मंडळी, म्हणजे रतन, आठवडाभर माहेरी पारनेरला गेल्या. नेमकं त्याच आठवड्यात व्याज बंद! मी दिशाला बसवून वेबसाईटवाल्यांना कडक तक्रार लिहायला लावली: 'आमचे व्याज कोणतीही पूर्वसूचना न देता थांबवले आहे, तरी ते मागील फरकासह जमा करावे.' पोरगी लिहिताना एवढी हसली की तिला ठसका लागला. मला वाटलं, पोरीला थंडी बाधली. पुढे रतन परत आली, व्याजही सुरू झालं. मी दिशाला म्हटलं, "बघ! माणसानं तक्रार करायला शिकावं."

वर्ष संपलं आणि वेबसाईटनं माझं वर्षाचं प्रगतिपत्रक झळकवलं. सहादेव कुठल्या कुठे मागं. 'बिनचूक वीर', 'विजेचा वेग', 'अतिकठीणांचा काळ'; एवढी पदकं की स्क्रीन खाली सरकवून बोट दुखावं. मग काय, चौकात फ्लेक्स लागला: 'घोडेगावचे अंकसम्राट आदिनाथशेठ यांचे हार्दिक अभिनंदन!' खाली शुभेच्छुकांची रांग. (फ्लेक्सचे पैसे मीच दिले. शुभेच्छुकांना त्यांच्या शुभेच्छा चौकात आल्यावर कळल्या.) फ्लेक्स लागल्यावर व्यापारी मंडळाला सत्कार ठेवण्यावाचून गत्यंतर उरलं नाही.

सत्कार जोडीनं. बाजारतळाशेजारच्या मंडपात सगळा बाजार लोटलेला. पुढच्या रांगेत जनावरांचे दलाल, डोक्याला पटके, खांद्यावर रुमाल. मला शाल, रतनला साडी, दोघांना मिळून एक नारळ. मी भाषणाला घसा खाकरतो न खाकरतो तोच सहादेव उठला.

"शेठ, भाषान ऱ्हाऊ द्या. एक कोडं आमच्यापुढं सोडवून दावा की!"

टाळ्या पडल्या. दिशानं मोबाईल मोठ्या टीव्हीला जोडला आणि सहादेवनं स्वतःच्या हातानं 'अतिकठीण' दाबलं.

तुम्हाला म्हणून सांगतो, तोवर मी 'सोपं'च्या पुढं एकदाच काय तो गेलो होतो. बाकीचं सगळं व्याज! आणि माझा धंदा असा की गिऱ्हाईक बिल मागत नाही. मी तोंडी बेरीज सांगतो, ते मान डोलावतं. तेवढीच माझी पत, आणि ती आता त्या टीव्हीवर चौकटी होऊन लटकत होती. नवी शाल आतून ओली व्हायला लागली.

तेवढ्यात शालीचा शेव आमच्या दोघांच्या हातावर पडला आणि रतननं खालून माझी बोटं धरली.

इथं एक सांगायला हवं. आमच्या बाजारात जनावराचा भाव तोंडानं बोलत नाहीत. रुमालाखाली एकमेकांचे हात धरायचे आणि बोटं दाबून आकडा सांगायचा. बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. माझे सासरे कानिफनाथ ह्या बाजारातले जुने दलाल. त्यांची लेक पाटी-पेन्सिलीच्या आधी ही बोटं शिकलेली.

दुसऱ्या हातानं मोबाईलवर चौकट मी निवडायची, आकडा तिनं सांगायचा. तिनं तीन दाबले. मी तीन भरला. बरोबर! सात दाबले. सात भरला. बरोबर! मंडपात 'वा शेठ' सुरू झालं. मी मान तिरकी करून विचार केल्यासारखं करू लागलो. एकदा तर डोळे मिटले. मग तिनं नऊ दाबले.

आणि इथं माझा घात झाला. तीस वर्षांची बाजाराची सवय हो! रुमालाखाली कुणी नऊ म्हटलं की माझी बोटं आपोआप आठ म्हणतात. मी आठ दाबले.

तिनं पुन्हा नऊ दाबले, जरा जोरात.

मी म्हटलं, समोरचा अडून बसलाय, थोडं वर जाऊ. साडेआठ दाबले.

"अहो, कोड्यात साडे कुठून येईल!" ती दात आवळून पुटपुटली आणि असा चिमटा काढला की मी उभाच राहिलो. शाल पडली. हातात हात सगळ्या मंडपाला दिसले.

पुढच्या रांगेतला एक म्हातारा दलाल ओरडला, "आरं, सौदा चाललाय! शालीखाली सौदा!"

"वैनी, शेठ कितीला मागाय लागल्यात?" दुसऱ्यानं विचारलं.

"साडेआठला!" रतन म्हणाली. "माल नऊचा हाय. त्यांना घ्यायचा न्हाई, नुसतं घासाघीस करायची हाय."

आणि मोबाईल माझ्या हातातून घेऊन तिनं ते कोडं, पापड लाटावेत तसं सटासट संपवलं. टीव्हीवर नवीन पदक नाचायला लागलं.

सहादेवचं तोंड उघडंच राहिलं. "वैनी, म्हंजी ते दुपारचं व्याज..."

"हे झोपले की मीच सोडवते, मग पुढची अवघडबी. अर्धं टाकलेलं ताट आन् अर्धं टाकलेलं कोडं, मला बघवत न्हाई."

"आन् मी म्हैनाभर दुकान बंद करून झोपलो!"

मंडप जो हसायला लागला तो अजून थांबलेला नाही. पत म्हणाल तर तिची नवी घडी बसली आहे. मी बेरीज सांगितली की गिऱ्हाईक विचारतं, "वैनींनी तपासली का?" परवा एकानं कासरा घेताना दुकानातच हात पुढं केला आणि वर रुमाल टाकला.

घरी दिशानं दोघांची खाती वेगळी केली. कुठलं कोडं दुकानात सुटलं आणि कुठलं घरी, ते एकेक काढून तिनं वाटणी केली. पदकं सगळी रतनकडे गेली. फ्लेक्सवाल्यानं फक्त फोटो बदलून दिला. शुभेच्छुक तेच राहिले, आणि ह्या वेळी म्हणे त्यांनी खरोखर शुभेच्छा दिल्या.

तेव्हा वाचक हो, एवढीच विनंती आहे. ही हकिकत चार लोकांत सांगाल तेव्हा हिशेब इमानदारीनं ठेवा. वर्षभरात एक 'मध्यम' कोडं मी स्वतः सोडवलेलं आहे, ते माझ्या नावावर जरूर धरा. (त्यातला अवघड भाग दिशानं सांगितला होता. तेवढा वजा करा. सोपा भाग सहादेवनं.)