गिझरची हिरवी वायर

गिझरचा प्लग जळला, तेव्हा इलेक्ट्रिशियनला बोलवायचं नाही, असं मी ठरवलं. एवढ्याशा कामाला माणूस कशाला? शिवाय मी शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकांची प्रुफं तपासतो. पाणी, पृथ्वी, ऊर्जा, वीज, सगळं माझ्या हाताखालून गेलंय. (हाताखालूनच. प्रुफं तपासणारा अक्षरं बघतो, मजकूर वाचायला त्याला वेळ कुठे असतो?)

नवा प्लग बसवताना तीन वायरी निघाल्या. लाल आणि काळी मी रुबाबात जोडली. हिरवी काही केल्या स्क्रूखाली बसेना. टेबललॅम्प दोन वायरींवर चालतो, रेडिओ दोन वायरींवर चालतो, मग ही कंपनीने जास्तीची दिली असणार, असं म्हणून मी ती छाटून टाकली. गिझर झकास तापला. मी दिवसभर घरात छाती काढून फिरलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाथरूममधून बायकोची किंकाळी आली.

"अहो, नळाला करंट येतोय!"

मी धावलो आणि नळ मुठीत धरला. काहीसुद्धा नाही.

"थंडीने मुंग्या आल्या असतील."

"मुंग्या? अख्खा हात झटकला माझा!"

"हा बघ, धरलाय नळ. मी काय मेलोय?"

ती लाटण्याने नळ उघडायला लागली. मी ते लाटणं बघून पोट धरून हसायचो. मुलीने तर आंघोळच सोडली. (तिचं वयच तसं आहे, म्हणून आम्ही तिकडे लक्ष दिलं नाही.)

आणि मग सासरे राहायला आले. त्यांच्या हृदयाचं नुकतंच ऑपरेशन झालेलं. सकाळी ते खांद्यावर टॉवेल टाकून निघाले, तर बायको बाथरूमच्या दारात आडवी उभी.

"बाबा, थांबा. आधी इलेक्ट्रिशियन येऊ दे."

माझं डोकं फिरलं. "माझ्या घरात तुझ्या वडिलांना आंघोळीची चोरी?" मी आत घुसलो, नळ धरला. "बघा, बाबा! कुठाय करंट?"

सासऱ्यांनी नळाकडे बघितलंच नाही. ते माझ्या पायांकडे बघत होते.

"जावईबापू, तुमच्या पायात रबरी चपला आहेत. ती अनवाणी असते."

"रबरातून वीज जात नाही," मागून मुलगी म्हणाली. "पुस्तकात आहे आमच्या."

"कुठल्या पुस्तकात?"

"तुम्हीच तपासलेल्या."

इथे कुठलाही शहाणा माणूस गप्प बसला असता. मी चपला भिरकावल्या, ओल्या फरशीवर दोन्ही पाय रोवले आणि "नको, नको!" असं सगळे ओरडत असताना नळावर हात ठेवला.

बोटांपासून खांद्यापर्यंत कुणीतरी हात पिळून फेकून दिल्यासारखं झालं. दात कडकन आपटले. मी मागच्या मागे उडालो तो थेट भरलेल्या बादलीत. तोंडातून काय आवाज निघाला ते मला आठवत नाही, पण आम्ही कुठला प्राणी पाळलाय का, असं शेजारीण नंतर विचारून गेली. बायको अनवाणीच आत धावली.

"नळाला हात लावू नकोस!" मी जिवाच्या आकांताने ओरडलो.

सासऱ्यांनी मेन स्विच पाडला.

मी बादलीतच अडकून बसलो होतो. याच नळापाशी ही रोज जात होती, आणि मी तिला मुंग्या सांगत होतो. मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"हिरवी वायर मी कापली," मी म्हणालो.

"कधी?"

"प्लग बसवला तेव्हा. जास्तीची वाटली."

बायकोचा चेहरा पांढराफटक पडला. ती आधी रडली, आणि मग वडिलांसमोर, मुलीसमोर, मला बादलीतून बाहेरही न काढता, जे बोलायचं ते सगळं बोलली.

इलेक्ट्रिशियन आला. त्याने पाण्यात करंट सोडणारी गिझरची खराब कॉइल बदलली, असा करंट जमिनीत नेणारी हिरवी अर्थिंगची वायर जोडली, मीटर लावून बघितलं आणि आता बिनधास्त आंघोळ करा म्हणाला. पण घरात कुणाचा विश्वास बसेना. शेवटी बायकोने तोडगा काढला.

तेव्हापासून घरात पहिल्या आंघोळीचा मान माझा. मी अनवाणी आत जातो, कडी लावायची नाही, नळ उघडायचा. बाहेर तिघं कान देऊन उभे असतात.

"बाबा, आहात ना?" मुलगी विचारते.

"आहे."

मग सासरे खांद्यावर टॉवेल टाकतात आणि म्हणतात, "चला, पाणी चांगलं आहे."