काकांची कबुली आणि इंटरनेटविरहित अपडेट

देह जुना झाला की आत्मा तो टाकून नवा देह धरतो, असे सज्जन सांगतात. मोबाइल फोनचे नेमके उलटे आहे. तिथे देह तोच राहतो आणि आत्मा दर महिन्याला नवा भरावा लागतो. या विधीला अपडेट म्हणतात. अपडेटने फोनचे सर्व दोष जातात. (जे जात नाहीत, त्यांना नवीन सुविधा म्हणतात.)

आमच्या काकूच्या फोनमध्ये एकच दोष होता. त्यावर इंटरनेट लागत नसे. काकूच्या मते हा दोष नव्हताच. तिला तो फक्त फोन करायला, घ्यायला आणि एक टेप ऐकायला लागे. या तिन्ही गोष्टी इंटरनेटवाचून सुखाने चालत.

टेपविषयी थोडे सांगणे भाग आहे. घर बांधताना बाथरूमचे दार बाहेर उघडावे, असे काकूचे म्हणणे होते. काकांनी ते आत उघडणारे बसवले. पुढे एकदा काका अंघोळीला गेले असता आतली लाकडी मांडणी कोसळून दार आणि भिंत यांच्यामध्ये आडवी अडकली. काका ओरडले. काकू बाहेरून शांतपणे म्हणाली, "आधी कबूल करा, मग सुताराला बोलावते."

"चुकलं माझं! तुझंच बरोबर होतं!" असे काका म्हणाले, आणि काकूने ते फोनवर टेप केले. दीर्घ संसारातला हा एवढाच पुरावा तिच्या पदरी होता. दुपारची भांडी आवरली की ती तो ऐके. लोक नामस्मरण करतात, तितक्याच भावाने. मग हात पुसून प्रसन्न चित्ताने चहा टाके.

त्यामुळे फोन दुरुस्त करण्याची तळमळ काकांना का लागली, हे सांगायला नको. ("तुझ्याच सोयीसाठी गं," असे ते म्हणाले.)

अधिकृत सेवा केंद्र अत्यंत शिस्तीचे आहे. तिथे आलेल्या शंभर फोनांपैकी नव्वदांना अपडेट सुचवले जाते. उरलेल्या दहांचे अपडेट आधीच झालेले असते, म्हणूनच ते आलेले असतात. काउंटरवरच्या बाईंनी काकूचा फोन तपासून निदान केले : इंटरनेट लागत नाही, कारण अपडेट नाही, अपडेट नाही, कारण इंटरनेट लागत नाही.

अशा अभाग्यांसाठी केंद्राकडे इंटरनेटविरहित पद्धत आहे. अपडेट केंद्राच्या संगणकातून कार्डावर घ्यावे. कार्ड फोनमध्ये घालावे. मग हे अपडेट अस्सल आहे का, असे फोन आपल्या कंपनीला विचारतो. (इंटरनेटवरून.) उत्तर न आल्यास फोन पुसून कोरा करावा. कोरा फोन कोणावरही विश्वास ठेवतो.

"म्हणजे आतलं सगळं जाणार?" काकूने विचारले.

"सगळं कुठं, मावशी? फक्त तुमचं. कंपनीचं सगळं राहतं."

"मग माझी टेप आधी तुमच्या संगणकात घ्या."

"ते नाही घेता येत. ग्राहकाचं खासगी असतं ना."

खासगी गोष्टी पुसायला मात्र नियमाची हरकत नव्हती.

काकू हार मानणारी नव्हे. "हा फोन वाजवते, दुसऱ्या फोनवर टेप करून घेऊ," ती म्हणाली. कर्मचाऱ्यांचे फोन नियमाप्रमाणे कुलपात होते. सोबतीला माझा फोन होता, पण त्याची बॅटरी तिथे पोहोचेपर्यंत संपली होती. (तो अद्ययावत आहे.) काका तत्काळ पुढे झाले. "माझा घे की!" एवढे औदार्य पाहून बाई गहिवरल्या.

दोन्ही फोन शेजारी ठेवले. टेप सुरू झाली आणि "चुकलं" या शब्दावर काकांना खोकला आला. पुन्हा लावली, पुन्हा आला. तिसऱ्या वेळी तर त्यांनी तो आधीपासून काढून ठेवला होता. खोकला सर्व ध्वनिमुद्रणांत सुस्पष्ट आला.

"राहू द्या बाई, माझा फोन आहे तसाच द्या," काकू म्हणाली.

"आता थांबवता नाही येत. यांनी आत्ताच 'सहमत' दाबलं ना."

काकांनी ते कुटुंबप्रमुख या नात्याने दाबले होते.

फोन उत्तम झाला. काकूला आता कधीही न पाहिलेल्या शहरांतले तापमान घरबसल्या कळते. ग्राहक संपूर्ण समाधानी, असा शेराही केंद्राला मिळाला. (काकांनी दिला.)

काकू मात्र बोलेनाशी झाली. भांडली असती, तर काकांना सोपे गेले असते; भांडण त्यांना येते. ती वेळेवर वाढी, आणि दुपारी भांडी आवरून फोन मांडीवर घेऊन नुसती बसे. चहा टाकायचेही तिला सुचत नसे. चौथ्या दुपारी काकांनी स्वतः चहा केला, कप तिच्यापुढे ठेवला आणि उभे राहिले.

"चुकलं माझं."

"दाराचं, की खोकल्याचं?"

"दोन्ही. आणि ते बटणाचंही."

"थांबा हं, थांबा!" काकूने फोन उचलला. टेपचे बटण अपडेटने कुठेतरी हलवले होते, ते तिला सापडेना.

"सावकाश शोध," काका म्हणाले. "मी परत म्हणतो."

आपल्याला हसू येणे साहजिक आहे. आपला फोन अद्ययावत आहे, त्यात जागा भरपूर आहे, इंटरनेट धो धो येते. तर मग आपल्या आवाजातले हे एवढेसे वाक्य घरात कोणापाशी आहे, ते जरा शोधा. न सापडल्यास दोन शक्यता संभवतात. पहिली, आपण आजवर कधीच चुकला नाहीत. दुसरी घरच्यांना विचारा. त्यांना ती इंटरनेटवाचून तोंडपाठ आहे.