एकाला वीस

बैलगाड्यांच्या शर्यतीचं मैदान पुढच्या रविवारवर ढकललं गेलं, म्हणून कोरेगावच्या कृष्णातरावांनी टीव्हीवर पुण्याच्या घोड्यांची शर्यत लावली. सोबतीला तासगावहून आलेले व्याही जोतिबा होते. हे दोघं शेजारी बसून नुसती शर्यत बघतील, अशी अपेक्षा करणाराच खुळा. पहिला चहा यायच्या आधी पैज लागलीसुद्धा. कृष्णातराव हरले तर त्यांचा खोंड लाल्या तासगावला जाणार. जोतिबा हरले तर त्यांच्या दावणीचा एक बैल कोरेगावला येणार.

लाल्याला कृष्णातरावांनी बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं. शब्द तोंडातून गेला आणि त्यांची नजर गोठ्याकडे वळली. पण व्याह्यासमोर माघार कशी घेणार?

पडद्यावर आकडे आले. काळ्या घोड्यापुढे २०/१, तांबड्यापुढे २/५.

"ह्ये काय वो?" जोतिबांनी विचारलं.

"सोपं हाय की! काळ्यानं वीस मैदानं मारली, एक गमावलं. तांबड्यानं दोन मारली, पाचांत माती खाल्ली," बैलांमागे जन्म घालवलेल्या कृष्णातरावांनी निकाल दिला.

जोतिबांनी मोबाईलवर पडताळा घेतला. तिथं काळ्यापुढे २१.०० होतं. "वीस आन् एक, एकवीस! बराबर हाय. मग काळा माजा!"

"आवं, त्यो म्या हेरला न्हवं?"

"पाव्हण्याचा मान पैला!"

स्वयंपाकघराच्या दारातून बनुबाईंनी नवऱ्याकडे असं काही बघितलं, की कृष्णातरावांनी मुकाट्यानं तांबडा घेतला. लाल्या गेला, हे आता नक्की झालं. त्यांनी चहाचा कप बाजूला सारला.

तेवढ्यात सृष्टी भजी घेऊन आली. ही कृष्णातरावांची लेक आणि जोतिबांची सून. दोघांचं गणित ऐकून तिला हसू आवरेना.

"आबा, ह्यो भाव हाय! २०/१ म्हंजी एक रुपया लावला तर वीस मिळनार. काळ्यावर कुनाचा भरवसाच न्हाई, म्हनून येवढं देत्यात. तांबडा जिंकनार असं समदी म्हनत्यात, म्हनून त्येच्यावर पाच लावलं तरी दोनच."

"आन् मोबाईलवरलं एकवीस?"

"त्यात आपला लावलेला रुपयाबी धरत्यात. जिंकलं की त्योबी परत मिळतो."

कृष्णातराव आनंदानं उडालेच. जोतिबांनी मात्र हातातलं भजं खाली ठेवलं. "म्हंजी चांगला घोडा तांबडा. मग पाव्हण्याचा मान..."

"आता बदलायचं न्हाई!" कृष्णातराव ओरडले.

"आवं," बनुबाई दारातून म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या. घोडे बदलले.

शर्यत सुटली. तांबडा सगळ्यांच्या पुढे, काळा सगळ्यांच्या मागे. जोतिबा मांडीवर थापा मारू लागले. कृष्णातरावांनी डोळे मिटून घेतले. शेवटच्या वळणावर सृष्टी किंचाळली, "आबा, काळा बघा, काळा!"

काळा एकेकाला मागे टाकत सुटला होता. कृष्णातराव सोफ्यावर चढले, भज्यांचं ताट उलटं झालं. "पळ रं माज्या वाघा! पळ!" आणि अगदी दोरीपाशी काळ्यानं तांबड्याला गाठलं, नाक पुढे काढलं आणि शर्यत मारली!

जोतिबांनी कपाळावर हात मारला. एक बैल जाणार, याचंच दुःख त्यांना आवरत नव्हतं. तेवढ्यात सृष्टीला सुचलं. "मामा, भाव एकाला वीस हुता. आबांनी एक खोंड लावलेला. तुमास्नी वीस बैल द्यावं लागत्याल की वो!"

जोतिबांच्या दावणीला होते दोन. त्यांनी आशेनं बनुबाईंकडे बघितलं, पण त्या खाली वाकून भजी गोळा करत होत्या.

"पाव्हणं, वीस म्हंजी..." ते घाबरत वळले. सोफा रिकामा होता.

कृष्णातराव केव्हाच गोठ्यात पोचले होते. लाल्याच्या गळ्यात दोन्ही हात टाकून ते तिथूनच ओरडले, "सृष्टे, लावल्याला परत मिळतो म्हनलीस न्हवं?"

"व्हय, आबा!"

"मग मिळाला! पाव्हण्यास्नी सांग, वीस त्येंचं त्येंनाच ऱ्हाऊ द्यात!"