कॉइल आणि चौदा गोधड्या

"कॉइल गुंडाळण्यात अख्ख्या नाशिक जिल्ह्यात माझा हात धरणारा माणूस नाही!" असं मी शनिवारी दुपारी बायकोला, म्हणजे इंदिराला, छाती काढून म्हणालो. आता मी काहीच म्हणत नाही. आता मी दमलोय.

मी दिवाकर. वय एकसष्ट, गुडघे पंच्याहत्तरचे. छंद हॅम रेडिओचा, म्हणजे सरकारी परवाना काढून घरच्या वायरलेस सेटवर लांबच्या माणसांशी बोलायचं आणि आपलं झालं की "ओव्हर" म्हणून समोरच्याला बोलू द्यायचं. "मग फोन काय वाईट आहे?" असं विचारू नका. ते इंदिरा रोज विचारते.

तर मला बोलायचं होतं एकशेसाठ मीटरच्या बँडवर. त्याला नीट अँटेना लावायची तर ऐंशी मीटर तार ताणावी लागते. आमच्या अपार्टमेंटची गच्ची अठरा मीटर! मग कमी पडलेल्या तारेची भरपाई कॉइलनं करायची. पीव्हीसी पाइपचा तुकडा घ्यायचा आणि मोटार रिवाइंडिंगवाल्याकडून आणलेली तांब्याची तार त्यावर वेढे मोजून गुंडाळायची. एक वेढा चुकला की सेटवरच्या मीटरचा काटा उसळतो. काटा खाली असला तर सेट बोलतो, वर गेला तर मुका. शास्त्र एवढंच आहे, पण त्यात माझे तीन महिने गेले.

ते तीन महिने पाहून आमच्या सोसायटीचे चेअरमन खंडेराव कंटाळले. माणूस मूळचा आडगावचा, द्राक्षबागेवर वाढलेला, बोलणं सरळ.

"दिवाकरराव, तीन महिने झाले, तुमची तार डोक्यावर लोंबतीय अन् त्यातून आवाज काय येत नाय! रविवारी आठ वाजता मनमाडचा माणूस बोलला तर तार राहील. नाय बोलला तर मी सोता पक्कड लावतो!"

मनमाडचा माणूस म्हणजे गोरक्ष. रेल्वेतून रिटायर झालेला, माझ्याच जातकुळीचा गच्चीवरचा वेडा. त्याचीही कॉइल तीन महिने जुळत नव्हती. आम्ही रोज फोनवर एकमेकांपाशी रडायचो.

आणि शनिवारी भर दुपारी माझा काटा खाली बसला! अगदी तळाला! उभ्या जन्मात इतका गुणी काटा मी पाहिला नव्हता. आता एक वेढाही हलू नये म्हणून मी कॉइलला वरून सील थापलं. ते एकदा वाळलं की छिन्नीनंसुद्धा निघत नाही. मग इंदिराला वर बोलावून ते हात धरण्याचं वाक्य बोललो. ती म्हणाली, "उद्या आठ वाजू द्या, मग बोला."

रविवारी सकाळी सात वाजता सेट लावला. काटा वर! पार टोकाला! सगळे जोड तपासले, ठीक होते. कॉइल ठीक होती. मग रात्रीतून बदललं काय?

घाम पुसायला समोर आलेलं कापड ओढलं, ती निघाली तिसऱ्या मजल्यावरच्या सुमनबाईंची गोधडी. कडक वाळलेली!

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. सोमवारी घट बसणार होते. घट बसायच्या आधी घरातलं अंथरूण-पांघरूण धुवायचं म्हणजे धुवायचंच. बायकांनी शनिवारी सकाळीच चौदा गोधड्या धुऊन माझ्या अँटेनाखालच्या लोखंडी तारांवर टाकल्या होत्या आणि अजून एक ऊन द्यायचं म्हणून रात्रभर तिथंच ठेवल्या होत्या. दुपारी मी कॉइल जुळवली तेव्हा त्या ठिबकत होत्या, आणि अँटेनाजवळ ओलं काही आलं की काटा हलतोच. म्हणजे मी महामूर्खानं कॉइल जुळवली होती ती ओल्या गोधड्यांसकट!

सील निघणार नव्हतं. पन्नास मिनिटं उरली होती. मी बादली उचलली.

एका गोधडीवर पाणी मारलं, काटा जरासा उतरला. दुसरीवर मारलं, अजून उतरला. मग मागंपुढं पाहिलं नाही. टाकीपासून गोधडीपर्यंत बावीस खेपा झाल्या. गुडघे बोंबलत होते. चौदावी गोधडी भिजली, काटा तळाला बसला आणि मागून आवाज आला, "अगं बाई! माझ्या गोधड्या!"

सुमनबाई होत्या. त्यांच्यामागे इंदिरा, आणि तिच्यामागे पक्कड घेऊन खंडेराव.

"टाकी भरून वाहिली, वहिनी," मी म्हणालो.

"टाकी त्या कोपऱ्यात आणि गोधड्या या कोपऱ्यात?"

"वारा होता."

इंदिरानं माझ्या भिजलेल्या पायजम्याकडं पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"टाकीचं मागून बघू," खंडेराव म्हणाले. "आठ वाजले. मनमाड लावा!"

मी देवाचं नाव घेऊन हाक दिली. स्पीकर खरखरला. आणि गोरक्षचा खणखणीत आवाज गच्चीभर घुमला, "दिवाकऱ्या! ऐकतोय रे तुला! ओव्हर!"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं हो! तीन महिने! खंडेरावांनी पक्कड खिशात टाकली. "बोलला बरं का गडी! राहू द्या तुमची तार."

इथं सेट बंद करायचा. एवढी अक्कल असती तर! मी मोठ्या कौतुकानं विचारलं, "गोरक्ष, तुझी कॉइल जुळली कशी रे शेवटी? ओव्हर!"

"जुळती कसली! पटापट बोल! काल बायकोच्या गोधड्या वल्ल्या होत्या तवा जुळली, आज वाळल्या अन् काटा वर! दहा बादल्या वतल्यात गोधड्यांवर! आता ती जिना चढून यायलीय! तुझ्याकडंबी गोधड्या धुतल्याच असतील, तू किती वतल्या रे? ओव्हर!"

मी माइक खाली ठेवू लागलो.

सुमनबाई पदर खोचत पुढं आल्या. "सांगा की भाऊजी," त्या म्हणाल्या. "ओव्हर म्हणतोय ना तो!"

आत्ता दुपारचे दोन वाजलेत. मी गच्चीत उन्हात बसून दर पंधरा मिनिटांनी चौदा गोधड्या उलटतोय. संध्याकाळपर्यंत सगळ्या वाळल्या पाहिजेत, अशी शिक्षा आहे. तार मात्र राहिली. फक्त गोधड्या वाळल्या की मनमाड पुन्हा बंद पडणार, तेवढं खंडेरावांच्या अजून ध्यानात आलेलं नाही, सांगू नका.