दोन्ही पार्ट्या लाइनवर

कुमुदताई गरोदर बाईशी कधीही एकवचनात बोलत नाहीत. 'कशी आहेस' नाही, 'कसे आहात दोघं'. 'जपून उतर' नाही, 'जपून उतरा दोघं'. यात वावगं काही नाही. वावगं इतकंच, की पुष्कळदा त्या बाईला स्वतःला कळायच्या आधी कुमुदताई हे बोलून मोकळ्या होतात.

आमच्या बिल्डिंगमधली एक नवी सून गिरणीतून दळण घेऊन जिना चढत होती. कुमुदताई बाजूला सरकल्या आणि म्हणाल्या, "या, आधी तुम्ही दोघं जा." सुनेने मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं. तिने पिठाचा डबा तिथेच ठेवला आणि वर पळत सुटली. पंधरवड्याने त्या घरातून पेढे आले. पेढे देतानाही ती कुमुदताईंच्या दारात आत न येता उभी राहिली म्हणे.

तेव्हापासून काही जणी कुमुदताई लिफ्टपाशी दिसल्या की जिन्याने जायला लागल्या. चौथ्या मजल्यावरची एकजण मात्र उलट करायची. लग्नाला बरीच वर्षं झालेली. कुमुदताई दूध आणायला उतरतात नेमकी त्या वेळी ती काही काम नसताना लिफ्टमध्ये शिरायची. "ये गं, खालीच ना?" असं कुमुदताई म्हणाल्या की तिचा चेहरा उतरायचा. एकवचन इतकं लागू शकतं हे मला व्याकरणाच्या तासाला कुणी शिकवलं नव्हतं.

आणखी एक. त्या नेहमी 'दोघं' म्हणतात. 'दोघी' चुकूनसुद्धा नाही. त्यांची जीभ घसरते का, म्हणून दोन-तीन सासवा कान लावून असत. "कायद्याने गुन्हा आहे तो," असं कुमुदताई त्यांच्याकडे बघून कोरडेपणाने म्हणत. म्हणजे मुलगा की मुलगी तेही माहीत असायचं की काय, या विचाराने सासवांची झोप उडायची.

कुमुदताई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. परगावचे ट्रंक कॉल जोडून द्यायच्या. नोकरी संपून जमाना झाला, ती खाती बंद झाली, पण बाईंच्या डोक्यातला बोर्ड अजून चालू आहे. आपण भराभर बोललो की "आवाज तुटतोय, परत बोला." घरी कुणी नसेल तर "नो रिप्लाय." दोन माणसं भांडत असतील तर मधे उभ्या राहून, "दोन्ही पार्ट्या लाइनवर आहेत ना? मग एकेकाने बोला."

त्या एकट्या राहतात. उंच, काटकुळ्या, डोक्याला करडी माकडटोपी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. पहाटे तळ्याकाठी फिरायला जातात. थंडीत पनवेलच्या तळ्यावर धुकं उतरतं आणि वारा तळोज्याच्या कारखान्यांकडून असला की त्या धुक्याला केमिकलचा वास असतो. त्या वासातून आधी पांढरे बूट येतात. नुसते बूट, जमिनीलगत, अजिबात आवाज न करता. मागाहून बाई येतात. डॉक्टरांनी मला सकाळी चालायला सांगितलं होतं ते हृदयासाठी. पहिल्याच दिवशी हे दृश्य बघून माझं हृदय चाललं ते डॉक्टरांच्या अपेक्षेपेक्षा जास्तच.

मी ओळखीने त्यांच्या डाव्या बाजूने चालू लागलो. त्या थांबल्या.

"इकडून या. ती बाजू एंगेज आहे."

डावीकडे तळं होतं. तळं आणि त्या यांच्यामध्ये एक माणूस चालेल इतकी जागा त्या कायम मोकळी सोडायच्या. वाट अरुंद झाली की त्या सरकून उजवीकडच्या चिखलात जात, पण ती जागा सोडत. तळ्याच्या कोपऱ्यावर हार विकायला बसणारी एक बाई आहे. तिने मला जवळ बोलावून सांगितलं, "दादा, त्या बायच्या डाव्या अंगाला तुमी नका जाऊ. तिकडं कोन तरी हाय."

"कोण आहे?"

"मला काय ठावं? पन ती वाट देते त्याला, आमी रोज बघतो."

मी विज्ञाननिष्ठ माणूस आहे, त्यामुळे हसलो. आणि त्यानंतर कायम उजवीकडूनच चाललो.

कुमुदताई झपाझप चालत, पण धावत कधी नसत. एसटी समोरून सुटली तरी नाही. एकदा कुत्रा मागे लागला तेव्हाही चालतच राहिल्या. शेवटी कुत्राच ओशाळला. मी विचारलं तर म्हणाल्या, "धावणं आमच्यात नाही." मला वाटलं, एखाद्या घरात कांदा नसतो तसं काही असेल.

मग आमची ऋतुजा सातव्या महिन्यात बाळंतपणाला माहेरी आली. तिने बॅग उघडली आणि लोणच्याच्या बरण्यांऐवजी धावायचे बूट काढून ठेवले. ती कॉलेजपासून धावते. तिच्या डॉक्टरांचं म्हणणं होतं, की आधीपासून सवय आहे, तब्येत उत्तम आहे, तर सपाट रस्त्यावर, हळूहळू, पाणी पीत धावायला हरकत नाही. धावताना सहज बोलता आलं पाहिजे. बोलताना दम तुटला तर वेग कमी. चक्कर आली, पोट आवळायला लागलं, रक्त किंवा पाणी गेलं, तर तिथेच थांबून सरळ दवाखाना.

"आमच्या वेळी वाकून केरसुद्धा काढू देत नव्हते," बायको म्हणाली.

"आणि फरशी? ती तू शेवटच्या दिवसापर्यंत पुसलीस, तूच सांगतेस."

"ते वेगळं."

लिफ्टमध्ये कुमुदताई भेटल्या तेव्हा बायकोने आपल्या बाजूला एक माणूस ओढायचा प्रयत्न केला. "तुम्ही तरी सांगा हो हिला. उद्या काही झालं तर सगळे एकच म्हणतील, धावली म्हणून झालं."

कुमुदताईंनी लिफ्टचं बटण दाबलं ते दाबूनच धरलं. "म्हणतात," त्या म्हणाल्या. "तेच म्हणतात." मग ऋतुजाकडे बघून त्यांनी विचारलं, "दोघं उद्या किती वाजता निघणार?"

घरातून रखवालदार म्हणून माझी नेमणूक झाली होती. हातात पाण्याची बाटली, खिशात ग्लुकोज. तळ्याचा पाव फेरा होईपर्यंत मी बाकावर बसून ते ग्लुकोज स्वतःच खात होतो. धुक्यातून पांढरे बूट आले.

"तुमच्यात तर एकच जीव," कुमुदताई मला न थांबता म्हणाल्या, "आणि तोही धापा टाकतोय. बसा. मी आहे लाइनवर."

त्या दिवसापासून हे ठरूनच गेलं. ऋतुजा सावकाश धावायची, कुमुदताई तिला आपल्या उजव्या अंगाला घेऊन टांगा टाकत चालायच्या. आणि पूर्ण वेळ तिला बोलतं ठेवायच्या. कोलंबीच्या कालवणाला चिंच की कोकम, जावयाचं ऑफिस, सासरचे गणपती, काहीही. ऋतुजाची वाक्यं आखूड झाली की, "आवाज तुटतोय. स्पीड कमी करा दोघं." मला बाकावरून काही दिसायचं नाही. धुक्यातून नुसते आवाज फिरायचे, तळ्याच्या पलीकडे जायचे, पाण्यावरून परत यायचे. त्या बडबडीत कुठेतरी एक फट पडायची आणि कुमुदताईंचा खालचा आवाज यायचा, "हो गं, तुला पण सांगते."

ते 'तुला' मला आवडलं नाही.

"ताई मधेच कुणाशी बोलतात गं?" मी ऋतुजाला घरी विचारलं.

"डावीकडे."

"डावीकडे कोण असतं?"

"बाबा, डावीकडे तळं असतं," ती म्हणाली, आणि आम्ही दोघांनी तो विषय तिथेच सोडला.

नववा लागला तसं धावणं बंद होऊन चालणं राहिलं. कुमुदताई रोज विचारायच्या, "पलीकडची पार्टी बोलतेय ना? लाथा मारतेय?" ऋतुजा हो म्हणायची. ते ऐकल्याशिवाय बाई पुढचं पाऊल टाकत नसत.

एका पहाटे धुकं इतकं होतं, की मला बाकावर माझेच बूट दिसत नव्हते. तळोज्याचा वास होता. लांबून दोघींचे आवाज येत होते, गाजराच्या हलव्यात खवा घालावा की नाही यावर. ऋतुजा म्हणाली, "खवा नको, त्याने..." आणि आवाज थांबला.

मी कान दिला. पाण्यावरून काहीच आलं नाही. मग कुमुदताईंचा आवाज आला, कधी ऐकला नव्हता असा, ताठ.

"थांब. तू थांब. तू इथेच थांब."

तू. एकवचन.

चौथ्या मजल्यावरच्या त्या बाईचा लिफ्टमधला चेहरा मला दिसला. मी धावलो. मी कसा धावतो हे कुणी पाहिलं नाही, हा त्या धुक्याचा एकमेव उपकार. समोर पांढरे बूट दिसले, मग ऋतुजाचे. तिचा पायजमा भिजला होता.

"बाबा, पाणी गेलंय," ती म्हणाली. तारखेला अजून पंधरा-वीस दिवस होते.

"रिक्षा," कुमुदताई म्हणाल्या. हारवाल्या बाईने आधीच एक रिक्षा अडवून धरली होती.

हॉस्पिटलात ऋतुजाला आत नेलं, बायको घरून येऊन मागोमाग गेली. बाहेरच्या बाकावर आम्ही दोघं उरलो. कुमुदताई भिंतीला चिकटून बसल्या होत्या, डावा खांदा भिंतीला लागेल इतक्या. डावीकडे जागा नव्हती. एवढ्या दिवसांत हे मी पहिल्यांदा पाहत होतो. मला राहवेना.

"ताई, तुम्ही तिला 'तू' म्हणालात."

"कुणाला?"

"ऋतुजाला. तू थांब, म्हणालात. खरं सांगा, काय कळलं तुम्हाला?"

त्यांना माझ्या तोंडाकडे बघून सगळं उमगलं असावं. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "अहो, ते तुमच्या लेकीला नव्हतं. हिला म्हटलं मी. थांब इथेच, मी या दोघांना पोचवून येते."

"हिला?"

"माझ्या." त्या समोरच्या भिंतीकडे बघत बोलत होत्या, नंबर सांगावा तशा. "मला सातवा होता. ड्यूटीला उशीर झाला म्हणून स्टँडवर एसटीमागे धावले. मिळाली बस. दुसऱ्या दिवशी पोटात हालचाल नाही. नो रिप्लाय. मुलगी होती. सासूबाई म्हणाल्या, धावली म्हणून. ह्यांनीही तेच. मग पुढे कुणी म्हणायचीही गरज राहिली नाही, मीच म्हणत होते."

"डॉक्टरांना विचारलं नाही?"

"विचारणार कशाला? घरात सगळ्यांना माहीत होतं." त्यांनी टोपी कानांवरून खाली ओढली. "लाइन कट करवली नाही मला. होल्डवर ठेवली."

दुसऱ्या दिवशी उजाडताना डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. मुलगी झाली होती, आई आणि बाळ दोघंही व्यवस्थित होती. मी खाली बसलो, बाक कुठे आहे ते न बघता. डॉक्टरीणबाई हसत जायला निघाल्या तर कुमुदताई त्यांच्या वाटेत उभ्या.

"पाणी आधी गेलं ते धावल्यामुळे?"

"नाही हो. ते झोपून राहिली असती तरी गेलं असतं. तुम्ही लगेच आणलंत हे फार बरं केलंत."

"आणि एखादी," कुमुदताईंनी माकडटोपी काढून हातात घेतली, "सातव्या महिन्यात बस पकडायला धावली. आणि पोटातलं गेलं. तर ते धावण्याने?"

डॉक्टरीणबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "नाही, आजी. बसमागे धावल्याने बाळ जात नाही. कारणं वेगळी असतात, कधी सापडतही नाहीत. पण ते धावण्याने नाही."

"आवाज तुटतोय," कुमुदताई म्हणाल्या. "परत बोला."

डॉक्टरीणबाई एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, "ते, तुमच्या, धावण्याने, नाही."

कुमुदताईंनी मान हलवली. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "म्हणजे दोघी. छान. सांगा दोघींना, मी संध्याकाळी येते." आणि वाकून बुटांच्या नाड्या घट्ट बांधू लागल्या.

"आत्ता कुठे निघालात? बाळ तरी बघा."

"तिला कालपासून थांबवून ठेवलंय. सांगायला नको?"

"मग रिक्षा करून देतो."

"नको," त्या म्हणाल्या. "धावत जाते."

मी जिन्याच्या खिडकीशी जाऊन उभा राहिलो. रस्त्यावर धुकं कालच्याइतकंच दाट होतं. त्या फाटकातून बाहेर पडल्या, चार पावलं नेहमीसारखी झपाझप चालल्या, थांबल्या. मग धावल्या. कोपर बाहेर, टोपी मुठीत, धावायचं कसं ते आठवत आठवत, तळ्याच्या दिशेने. धुक्यात आधी बाई दिसेनाशा झाल्या, मग बूट.