राहिलेला कान

मुंजाजी पेंटरनं मला फसवलं. सेलूच्या बाजारात दुसऱ्या कुणाची आजवर ती हिंमत झालेली नाही.

माझं रंगाचं आणि लोखंडी सामानाचं दुकान. रिकाम्या हातानं सुरू केलेलं, म्हणून गल्ल्यामागं स्वतःचं मोठं चित्र लावायची हौस होती. मुंजाजीशी घासाघीस करून शेवटी अट घातली: पैसे ठरले तेवढेच, पण दुकानात आहेत तेवढे सगळे रंग चित्रात आले पाहिजेत.

"आणू की," तो म्हणाला. एवढ्या लवकर कबूल झाला, तिथंच मला संशय यायला हवा होता.

त्यानं आणले. गाल जांभळे, मिशी पोपटी, कपाळ केशरी. वर चित्रातला मी खदाखदा हसतोय. मी गिऱ्हाइकापुढं हसत नसतो; धंद्याला परवडत नाही.

बायको चित्रापुढं बराच वेळ उभी राहिली. "हे बरे दिसायलेत," म्हणाली, "ह्यान्लाच घरी पाठवत जा." चारठाण्याचा एक शेतकरी तर आता माझ्याकडं बघतच नाही. "शेठ, तुमी बसा. आमी वरच्या शेठसंगं भाव करतो."

"मला हसताना कुठं बघितलं रे?" मी मुंजाजीवर ओरडलो.

"माझ्यासंगं भांडताना हसताव की तुमी."

पण खरी फसवणूक कानाची. डावा कान त्यानं पांढराच ठेवला. रोज दुपारी यायचा, स्टूल ओढायचा, डोळे बारीक करून कानाकडं बघायचा. "कान राहिलाय, शेठ. रंग सापडंना." दुकानभर रंगाचे डबे, आणि याला रंग सापडेना. मग चहा. मग आम्ही दोघांनी मिळून अख्ख्या बाजाराला नावं ठेवायची. मग "उद्या बघू." एका कानावर त्यानं उन्हाळा काढला.

शेवटी माझं डोकं फिरलं. विटकरी रंगाचा डबा उघडला आणि कान मीच रंगवून टाकला. दुपारी मुंजाजी आला, कानाकडं बघितलं. स्टूल ओढलं नाही.

"झालं म्हणा मग," म्हणाला आणि गेला. तो परत आला नाही.

पुढं झरीला मेव्हण्याकडं जाणं झालं. भिंतीवर त्याच्या वडलांचं निळं-गुलाबी चित्र, खाली मुंजाजीची सही. डावा कान पांढरा.

"राहिलाय, दाजी," मेव्हणा म्हणाला. "दर बाजाराच्या दिवशी येतो, रंग सापडला न्हाई म्हणतो, जेवून जातो. बायको गेल्यापासून त्याच्या घरी बोलायला कोण हाय? आमी बी घाई करत न्हाई."

मी सेलूला आलो आणि पॉलिश पेपरनं कान घासून पुन्हा पांढरा केला. याचा अर्थ मी माघार घेतली असा नाही. काम अर्धवट आहे, आणि अर्धवट काम मी कुणाचं खपवून घेत नाही. मुंजाजीनं दुकानात यावं, स्टुलावर बसावं आणि माझा कान का राहिला याचा जाब द्यावा. एका दिवसात देता येत नसेल, तर रोज दुपारी थोडा थोडा द्यावा.